एक भाषण, सात प्रती

एरवी वक्ता व्यासपीठावर असतो आणि आम्ही सभागृहाच्या मागच्या टेबलापाशी, वायरींच्या गुंत्यात. आज टेबलालाच बोलायला सांगितलंय. शिवाजी पार्कच्या आसपास होणाऱ्या व्याख्यानांचं थेट प्रक्षेपण करणारे आम्ही चार-पाच जण. 'तुम्ही नेमकं काय करता, कॅमेरा लावला की झालं ना?' हा प्रश्न आम्हांला दर कार्यक्रमाला कोणीतरी विचारतंच. कॅमेरा लावणं हा कामाचा सोपा भाग. अवघड भाग पुढे सुरू होतो, कारण एकच भाषण वेगवेगळ्या ठिकाणी बसलेल्या, वेगवेगळे फोन हातात असलेल्या आणि वेगवेगळी ऐपत असलेल्या माणसांपर्यंत न्यायचं असतं. त्यासाठी त्या भाषणाच्या अनेक प्रती कराव्या लागतात. आज त्या प्रतींबद्दल बोलू.

आधी जुनी पद्धत आठवा. हे मैदान महापालिकेने १९२५ मध्ये खुलं केलं. तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क. १९२७ मध्ये ते शिवाजी पार्क झालं. तेव्हापासून इथे सभा होत आल्या आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा झाल्या, १९६६ पासून दसरा मेळावे झाले. या सगळ्यांचं वाहन एकच, कर्णा. कर्ण्याचा स्वभाव असा की तो सगळ्यांना एकच माल देतो. पुढच्या रांगेत बसलेल्याच्या कानठळ्या बसतात. मैदानापलीकडे कट्ट्यावर बसलेल्याला तोच शब्द दोनदा ऐकू येतो, एकदा जवळच्या कर्ण्यातून आणि मग लांबच्या कर्ण्यातून, कारण आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटरच जातो आणि मैदान काही लहान नाही. ज्याला ऐकायचंच नाही अशा रहिवाशालाही तो ऐकावा लागतो. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला त्यामागे हेच दुखणं होतं.

दूरदर्शनही एका अर्थाने कर्णाच. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. वरळीहून निघणारी लहर दादरला आणि डोंबिवलीला सारखीच. ज्याचा अँटेना नीट लागला त्याला चित्र, ज्याचा हलला त्याला मुंग्या. पडद्यावर मुंग्या आल्या की घरातल्या एकाने गच्चीवर जायचं आणि खालच्याने 'आलं, आलं, गेलं' असं ओरडायचं, हे इथल्या अर्ध्या मंडळींनी केलेलं आहे. पण प्रेक्षक किती आहेत, कुठे आहेत याची चिंता वरळीला करावी लागत नव्हती. एक लहर सोडली की काम संपलं.

इंटरनेटवर तसं नाही. इथे प्रत्येक प्रेक्षकाकडे स्वतंत्र धार जाते. धार हा शब्द मुद्दाम वापरतोय. नळाला पाणी किती दाबाने येतं हे प्रत्येक मजल्यावर वेगळं असतं, तसंच हे. आणि म्हणूनच सगळ्यांना एकच माल पाठवून चालत नाही.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण इथून हाकेच्या अंतरावर आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, त्यांच्यासाठी या मैदानात मंडप पडतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात. २०२० मध्ये कोविडमुळे शासनाने आणि महापालिकेने आवाहन केलं की यंदा दादरला येऊ नका, घरूनच अभिवादन करा. चैत्यभूमीवरचं दृश्य दूरचित्रवाणीवर आणि समाजमाध्यमांवर थेट दाखवण्यात येईल. विचार करा, यात बघणारा कोण आहे? मराठवाड्यातला, विदर्भातला, खानदेशातला माणूस, जो एरवी रेल्वेच्या जनरल डब्यात उभा राहून येतो. त्याच्या हातातला फोन घरातल्या चौघांत मिळून एक असेल. त्या फोनवर जर चक्र फिरत राहिलं, तर त्याला 'येऊ नका' एवढंच सांगितलं गेलं, 'बघा' म्हटलेलं त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. अशा वेळी किती प्रती करायच्या आणि सगळ्यांत हलकी प्रत किती हलकी ठेवायची, हा प्रश्न नुसता यंत्राचा राहत नाही.

आता थोडं गणित. घाबरू नका, बेरीज-गुणाकारच आहे.

हल्ली ज्याला फुल एचडी म्हणतात त्या चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. म्हणजे एका चित्रात सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला ३ बाइट. सेकंदाला २५ चित्रं. गुणाकार करा: एका सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट. दीड तासाचं व्याख्यान जसंच्या तसं साठवलं तर सुमारे ८४० जीबी होतं. आणि आपण प्रेक्षकाला पाठवतो ते साधारण २ जीबी, तेही सगळ्यांत भारी प्रतीत. चारशे भागांतला एक भाग पाठवायचा आणि बघणाऱ्याला काही गेलं असं वाटू नये, ही खरी करामत. ती करणाऱ्या पद्धतीला कोडेक म्हणतात आणि त्या कामाला एन्कोडिंग.

ती दोन तऱ्हांनी होते. एक म्हणजे चित्राच्या आत काटकसर. चित्राचे छोटे चौकोन करायचे आणि प्रत्येक चौकोनात ठिपके मोजण्याऐवजी 'इथे उजेड हळूहळू किती बदलतो, भरभर किती बदलतो' असं लिहायचं. भरभर होणारे बारीक बदल डोळ्याला फारसे जाणवत नाहीत, ते खुशाल कमी करायचे. हे गणित १९७४ मध्ये प्रसिद्ध झालं. ते करणारे तिघेही भारतीय वंशाचे, नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव. अहमद मूळ बंगळूरचे. तुम्ही व्हॉट्सअॅपवर पाठवता त्या साध्या फोटोतही हेच गणित आहे. शाळेच्या पुस्तकात यांची नावं का नाहीत कोण जाणे.

दुसरी काटकसर काळातली. व्यासपीठावर वक्ता उभा आहे, मागे पडदा, बाजूला समई. पुढच्या चित्रात काय बदललं? ओठ, हात, थोडी मान. मग सगळं चित्र पुन्हा कशाला पाठवायचं? 'मागच्यासारखंच, फक्त हा हात एवढा सरकला' असं सांगायचं. अधूनमधून एक पूर्ण चित्र पाठवायचं, त्याला कीफ्रेम म्हणतात. उरलेली सगळी 'मागच्यासारखंच, पण' या जातीची.

इथे शिवाजी पार्कची माती आडवी येते. सभागृहातलं व्याख्यान दाबायला सोपं, कारण तिथे हलत काही नाही. पण कॅमेरा मैदानाकडे वळवा. उन्हाळ्याच्या आधी लाल माती वाऱ्यावर उठते, ज्याबद्दल इथले रहिवासी वर्षानुवर्षं तक्रार करताहेत. त्या धुळीचा प्रत्येक कण प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी. कोडेकला 'मागच्यासारखंच' म्हणायला काही उरतच नाही. भोवतालच्या झाडांची पानं हलतात, तेही तसंच. मेळाव्यात झेंडे फडकतात, तेही तसंच. म्हणून ज्या बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला जेवढे बिट खर्चून, वक्त्याचा चेहरा स्वच्छ दिसतो, तेवढ्यात मैदानावरचा क्रिकेटचा सामना खरवडल्यासारखा दिसतो. सगळ्या कार्यक्रमांना एकच माप लावणारे लोक आहेत, पण ते कापड न मोजता सदरा शिवण्यासारखं आहे. नेटफ्लिक्सने २०१५ मध्ये प्रत्येक चित्रपटाला त्याच्या गुंतागुंतीप्रमाणे वेगळं माप द्यायला सुरुवात केली. आम्ही ते कागद-पेन्सिलीने करतो: बैठं व्याख्यान, नृत्य, मैदान, असे तीनच प्रकार, आणि प्रत्येकाचे आकडे ठरलेले.

बैठ्या व्याख्यानासाठी आमच्या शिडीत सात पायऱ्या आहेत. वरून सांगतो. सगळ्यांत वर १०८०, म्हणजे चित्राची उंची १,०८० ठिपके, सेकंदाला ३ मेगाबिट. मग ७२०, दीड मेगाबिट. मग ४८०, ८०० किलोबिट. ३६०, साडेचारशे. २४०, दोनशे. १४४, शंभर. आणि सगळ्यांत खाली चित्रच नाही, फक्त आवाज, ३२ किलोबिट. हे सेकंदाचे आकडे आहेत, आणि बिट म्हणजे बाइट नव्हे. ८ बिटांचा एक बाइट. नेट विकणारे जाहिरातीत बिटांत बोलतात आणि पॅक बाइटांत मोजतात, त्यामुळे आपण कायम गोंधळतो.

आता हे प्रेक्षकाच्या खिशाच्या भाषेत मांडू. दीड तासाचं व्याख्यान ७२०च्या पायरीवर पाहिलं तर आवाजासकट सुमारे १.१ जीबी जातात. बऱ्याच जणांच्या रिचार्जमध्ये दिवसाला १ किंवा १.५ जीबी असतात. म्हणजे एका व्याख्यानात दिवसाचा पॅक संपायला आला. मुलाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा राहिला, गावाकडून यायचा व्हिडिओ कॉल राहिला. २४०वर तेच व्याख्यान १७० एमबीच्या आत बसतं. फक्त आवाज घेतला तर २२ एमबी. आणि एक महत्त्वाची गोष्ट: बऱ्याच योजनांत दिवसाचा पॅक संपला की नेट बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर उतरतो. त्या ६४ मध्ये १४४ची पायरी मावत नाही. २४०चा तर विचारच नको. पण ३२ किलोबिटचा आवाज मावतो, तोही ऐसपैस. म्हणून ती सातवी पायरी आम्ही कधी काढत नाही. एकेकाळी अॅपलनेही आयफोनवर लांब व्हिडिओ दाखवणाऱ्यांना अट घातली होती की ६४ केबीपीएस किंवा त्याखालची एक धार असलीच पाहिजे. ती अट त्यांनी दयाबुद्धीने घातली होती असं आम्ही म्हणत नाही. मोबाइलच्या मनोऱ्यांवरचा भार हाही विचार असणारच. पण अट चांगली होती.

बरं, पायऱ्या केल्या. कोणी कुठल्या पायरीवर उभं राहायचं हे कोण ठरवतं? पूर्वी प्रेक्षकच ठरवायचा. रियलप्लेअरच्या काळात पानावर दोन दुवे असायचे, एक डायलअपवाल्यांसाठी, एक ब्रॉडबँडवाल्यांसाठी. एकदा निवडलं की तेच. मध्ये नेट मंदावलं तर बसा वाट बघत. २००९ मध्ये अॅपलने एचएलएस नावाची पद्धत आणली, पुढे २०१२ मध्ये डॅश हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आलं. दोन्हींची कल्पना एकच. व्हिडिओची सलग धार न ठेवता तिचे काही सेकंदांचे तुकडे करायचे. प्रत्येक पायरीचे वेगळे तुकडे. आणि एक यादी ठेवायची: अमुक पायरी, अमुक वजन, तुकडे इथे मिळतील. फोनमधला प्लेअर ती यादी वाचतो, एक तुकडा मागवतो, तो यायला किती वेळ लागला हे मोजतो, आणि पुढचा तुकडा कुठल्या पायरीचा मागवायचा ते स्वतः ठरवतो. शहाणपण आमच्याकडे नाही, तुमच्या फोनात आहे.

पण पायरी बदलायची तर ती कुठेही बदलता येत नाही. लोकलचं उदाहरण घ्या. तुम्ही स्लोमधून फास्टमध्ये जाणार. ते माटुंगा आणि दादरच्या मधोमध जमेल का? नाही. दोन्ही गाड्या जिथे थांबतात तिथेच जमेल, म्हणजे दादरला. व्हिडिओतलं स्टेशन म्हणजे कीफ्रेम, ते पूर्ण चित्र. 'मागच्यासारखंच, पण' या जातीच्या चित्रापासून सुरुवात करता येत नाही, कारण मागचं चित्र तुमच्याकडे नसतंच. म्हणून सातही पायऱ्यांच्या वेळापत्रकात स्टेशनं तंतोतंत एकाच वेळी यावी लागतात. आम्ही दर दोन सेकंदांनी ठेवतो. २५ चित्रं सेकंदाला, म्हणजे दर पन्नासाव्या चित्राला. एन्कोडरला मोकळं सोडलं तर तो दृश्य बदललं की आपल्या मर्जीने स्टेशन बांधतो, एका पायरीवर इथे, दुसरीवर तिथे, आणि मग पायरी बदलताना चित्र गचकतं किंवा आवाज तुटतो. ती मर्जी बंद करावी लागते.

२५च चित्रं का, ३० का नाहीत, हेही कोणीतरी विचारतंच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. सभागृहातल्या ट्यूबलाइट त्या तालावर लुकलुकतात. २५ त्या तालात बसतं. कॅमेरा ३०वर ठेवला की ताल चुकतो आणि चित्रावर हलके पट्टे सरकताना दिसतात. मोबाइल कॅमेरे मूळचे ३०वर असतात, म्हणून लग्नाच्या हॉलमधले व्हिडिओ तसे दिसतात.

आता कोडेकची निवड. इथे आम्हांला एक उफराटी गोष्ट सांगायची आहे. एच.२६४ हा कोडेक २००३चा. जुना झाला, पण तो चालत नाही असा फोन आज शोधून सापडायचा नाही. नंतर २०१३ मध्ये एच.२६५ आला, त्याच सुमारास गूगलचा व्हीपी९ आला, आणि २०१८ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून केलेला एव्ही१. तेवढंच चांगलं चित्र हे नवे कोडेक बऱ्याच कमी बिटांत देतात, एच.२६५चं तर उद्दिष्टच होतं की एच.२६४च्या निम्म्यात काम व्हावं. मग सगळं नव्यातच का करत नाही? एक म्हणजे एच.२६५च्या पेटंटचे हक्क अनेकांच्या हातात वाटले गेले, कोणाला किती पैसे द्यायचे याचाच घोळ बरीच वर्षं चालला. व्हीपी९ आणि एव्ही१ बनवणाऱ्यांनी आपल्या बाजूने ते देणं ठेवलेलं नाही. पण दुसरी अडचण मोठी. कोडेक उलगडायला फोनच्या चिपमध्ये खास सोय लागते. ती नसली तर फोन ते काम मुख्य प्रोसेसरवर करतो, फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते. एव्ही१ची सोय नव्या आणि महागड्या फोनांत आधी आली. म्हणजे ज्याला बिट वाचवायची सगळ्यांत जास्त गरज, त्याच्याच फोनात वाचवणारा कोडेक नीट चालत नाही. आणि ज्याच्या घरी फायबर आहे, त्याच्या टीव्हीत तो मजेत चालतो.

म्हणून आम्ही काय करतो? खालच्या पायऱ्या एच.२६४मध्येच ठेवतो. नवा कोडेक द्यायचाच असेल तर जास्तीची प्रत म्हणून देतो. यादीत दोन्हींची नोंद असते. ज्याला जे झेपेल ते त्याचा फोन उचलतो.

खर्चाचं काय? प्रत बनवण्याचा खर्च प्रेक्षकांच्या संख्येवर नसतो, पायऱ्यांच्या संख्येवर असतो. १९ नोव्हेंबर २०२३ला विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एका क्षणी ५ कोटी ९० लाख लोक बघत होते. पण एन्कोडिंग ५ कोटी ९० लाख वेळा करावं लागलं नाही. पायऱ्या बनल्या एकदाच, आणि मग त्याच तुकड्यांच्या नकला देशभरच्या सर्व्हरांवरून वाटल्या गेल्या. त्याच वर्षी आयपीएल जिओसिनेमावर मराठीसकट बारा भाषांत होतं. तिथेही चित्र तेच ठेवून आवाजाची पट्टी बदलता येते, आणि आवाज हलका असतो. याची दुसरी बाजू आमच्यासारख्यांची. आमच्या व्याख्यानाला दोनशे प्रेक्षक असले तरी सात पायऱ्यांचं काम तेवढंच. म्हणून छोट्या संस्था काटकसर म्हणून पायऱ्या कमी करतात, आणि कुऱ्हाड नेमकी खालच्या पायऱ्यांवर पडते. '१४४वर कोण बघतंय?' असं म्हणतात. खरं तर सातही पायऱ्यांच्या एन्कोडिंगच्या श्रमातला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या १०८०चा असतो. १४४ला, २४०ला यंत्र जवळजवळ फुकटात काम करतं. वाचवायचंच असेल तर वरून वाचवा. सहा इंची फोनवर ७२० आणि १०८० यांत फरक ओळखून दाखवणारा अजून आम्हांला भेटायचा आहे.

मैदानावरून प्रक्षेपण करताना आणखी एक पेच असतो, वर पाठवण्याचा. सातही पायऱ्या जागेवरच बनवून पाठवायच्या तर सहा मेगाबिटच्या वर सलग वेग लागतो. गर्दीच्या दिवशी इथले मनोरे इतके भरलेले असतात की साधा फोन लागत नाही. त्यामुळे जागेवरून एकच चांगली प्रत वर पाठवायची, शक्यतो तारेवरून, आणि पायऱ्या दूरच्या सर्व्हरवर पाडायच्या. तार मिळत नसेल तर दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं एकत्र बांधणारं यंत्र लागतं. बातम्यांच्या वाहिन्या पाठीवरच्या पिशवीत घेऊन फिरतात ते तेच.

आता आमच्या जिव्हाळ्याचा विषय: देवनागरी.

वक्ते स्लाइड घेऊन येतात. बारा ओळी, लहान अक्षर, निळ्या पार्श्वभूमीवर लाल मजकूर. आता १४४च्या पायरीवर याचं काय होतं ते पाहा. १४४ भागिले १२, एका ओळीला बारा ठिपके. रोमन लिपी बारा ठिपक्यांत कशीबशी तरते. आपल्या ओळीला मात्र मधे शिरोरेषा, वर वेलांटी, मात्रा, रफार, त्याच्याही वर अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार. बारा ठिपक्यांत हे तीन मजले बसवायचे. अनुस्वाराच्या वाट्याला एक ठिपकासुद्धा येत नाही. मग 'रंग' वाचला जातो 'रग', 'अंश' होतो 'अश'. शुद्धलेखनाचं व्याख्यान असेल तर मजाच. पाच ओळी ठेवल्या तर एका ओळीला जवळजवळ २९ ठिपके मिळतात आणि वाचता येतं. म्हणून आम्ही वक्त्यांना आधीच कळवतो: पाचच्या वर ओळी नकोत, अक्षर ठसठशीत हवं.

आणि रंग. कोडेक उजेड आणि रंग वेगवेगळे साठवतो. उजेडाची नोंद प्रत्येक ठिपक्याची, पण रंगाची नोंद चार ठिपक्यांत मिळून एक. डोळा उजेडाच्या बाबतीत चोखंदळ आहे, रंगाच्या बाबतीत नाही, म्हणून हे चालतं. चेहऱ्यावर चालतं, झाडावर चालतं. पण निळ्यावर लाल अक्षर असेल तर दोन्हींचा उजेड जवळजवळ सारखा, फरक फक्त रंगाचा. आणि १४४च्या प्रतीत रंगाचं चित्र अवघं ७२ ठिपके उंच. अक्षर पार विरघळतं. पांढऱ्यावर काळं, गडद मरूनवर पिवळं, हे टिकतं, कारण तिथे उजेडातच अंतर आहे. दादरच्या जुन्या पाट्या रंगवणाऱ्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं, तरी ते बरोबर तेच रंग वापरायचे.

आवाजाबद्दल थोडक्यात, कारण खरं तर तोच सगळ्यांत महत्त्वाचा. चित्र पाच सेकंद अडकलं तर श्रोता सहन करतो, आवाज दोनदा तुटला की उठून जातो. व्याख्यानाला स्टीरिओ लागत नाही. एकाच माणसाचा आवाज दोन वाटांनी पाठवून बिट वाया जातात. मोनो करा, तेच बिट स्पष्टपणावर खर्च होतील. स, श आणि च, च्य यांतला फरक वरच्या पट्टीच्या स्वरात असतो. आवाज फार चिरडला की आधी तोच जातो. आणि पंखा, एसी, बाहेरचे हॉर्न, हे सगळं मैदानातल्या धुळीसारखंच: कोडेक बिचारा त्या गोंगाटावरही बिट खर्च करत बसतो. वक्त्याच्या तोंडाशी माईक असेल तर ३२ किलोबिट पुरतात. माईक चार फुटांवर असेल तर १२८ही पुरत नाहीत.

सात पायऱ्या म्हटलं, पण मोजायला गेलं तर आठवी एक आहेच. दीड तासाच्या भाषणात साधारण दहा-अकरा हजार शब्द होतात. संगणकात देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, रोमनच्या तिप्पट. तरी सगळं शब्दांकन मिळून २०० केबीच्या आसपास भरतं. मघाच्या त्या ६४ केबीपीएसच्या मंद नेटवरसुद्धा ते अर्ध्या मिनिटात उतरतं. हे भाषण तुम्ही या मालिकेत वाचत असाल तर तुम्ही त्याच पायरीवर आहात. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांना तर हीच प्रत लागते.

आता तुमचे प्रश्न. पहिला, 'यूट्यूब हे सगळं आपोआप करतं, मग तुम्ही कशाला?' बरोबर आहे. यूट्यूबसारखे मंच पायऱ्या स्वतः पाडतात, आणि बहुतेक कार्यक्रमांसाठी आम्हीही तेच वापरतो. पण ते तुमच्या स्लाइडच्या ओळी कमी करत नाहीत, माईक जवळ आणत नाहीत, आणि साध्या प्रेक्षकाला फक्त आवाजाची वेगळी धारही देत नाहीत. तेवढं आपल्याकडे उरतं.

दुसरा प्रश्न मागून आलाय, 'शेजारच्या घरात विकेट आधी पडते आणि आमच्याकडे नंतर, असं का?' तुकड्यांमुळे. तुकडा पूर्ण झाल्याशिवाय पाठवता येत नाही, आणि प्लेअर सावधगिरी म्हणून दोन-तीन तुकडे गाठीशी ठेवूनच सुरू करतो. सहा सेकंदांचे तीन तुकडे धरले की अठरा सेकंद उशीर झालाच. तुकडे लहान केले तर उशीर कमी, पण गाठीशी शिल्लकही कमी, म्हणजे अडखळण्याचा धोका जास्त. व्याख्यानात आम्ही उशीर पत्करतो. अठरा सेकंदांनी कोणाचं काही बिघडत नाही.

तिसरा, 'जपून काय ठेवता?' पायऱ्या नाही ठेवत. मूळची, वर पाठवण्याआधीची भारी प्रत ठेवतो, दहा मेगाबिटची. दीड तासाला पावणेसात जीबी. दोन हार्ड डिस्क, दोन वेगळ्या घरांत. उद्या नवा कोडेक आला की मूळ प्रतीवरून नव्या पायऱ्या पाडता येतात. दाबलेल्यावरून पुन्हा दाबलं तर झेरॉक्सच्या झेरॉक्ससारखं होतं.

आणि शेवटचा, या बाईंनी विचारलेला: 'माझी बहीण देवरुखजवळ राहते, तिच्याकडे रेंज एकच काडी. ती फक्त आवाजाची पायरी निवडणार कशी? फोनवर तसं काही दिसत नाही.' दिसत नाही हे खरं. प्लेअर आपोआप तिथपर्यंत उतरतो, पण तोवर दोन-तीनदा चक्र फिरलेलं असतं आणि माणूस कंटाळून बंद करतो. त्यासाठी आम्ही आवाजाचा वेगळा दुवा देतो. व्हॉट्सअॅपवर आमचं निमंत्रण येतं त्यात बघा: तारीख, वक्ता, विषय, आणि त्याखाली पहिला दुवा 'फक्त ऐका, २२ एमबी'. व्हिडिओचा दुवा त्याच्या खाली. बहिणीला पहिला दुवा दाबायला सांगा. फोन खिडकीत ठेवला तर आणखी बरं.